देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेनें हिंदुस्थानांतून जे शब्द उचलून नेले त्यांत नाशिक जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव आहे, हें आपणांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. एखादा मनुष्य भ्रमिष्टासारखा वागूं लागला म्हणजे इंग्रज लोक तो ‘डुलॅली’ झाला असें म्हणतात. हें डुलॅली म्हणजे आपलें देवळाली. मूळचा पुरा शब्द ‘डुलॅली टॅप’ असा होता, आणि त्यांतला टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. तो आपला ताप. छावणीच्या बाजारांत ऐकलेल्या हिंदुस्थानी बोलींतून गोऱ्या शिपायांनीं तो घेतला आणि घरीं जातांना आपल्याबरोबर नेला.

हा ताप कसला, तो कोणाला येई आणि त्यावर औषध काय, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय लष्करी असला तरी तो आपल्या दाराशींचाच आहे. १८५३ सालच्या एप्रिलांत बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. पुढल्या वर्षीं ती कल्याणास पोंचली. आणि १८६५ सालीं थळ घाटाचा मार्ग खुला झाल्यावर विलायतेहून येणारी व विलायतेस परतणारी गोरी फौज याच रुळांवरून जाऊं-येऊं लागली. मुंबई बंदरापासून सुमारें ११० मैलांवर, घाटमाथ्याच्या मोकळ्या हवेंत, देवळालीची छावणी होती. बोटींतून उतरलेल्या पलटणींनीं तेथें दम घ्यावा आणि मुदत संपलेल्या शिपायांनीं तेथें बोटीची वाट पाहावी, अशी ती व्यवस्था.

वाट पाहणें हेंच तेथलें दुखणें होतें. फौजा नेणाऱ्या बोटी थंडीच्या हंगामांतच सुटत. ज्याची मुदत हंगामाची शेवटची बोट गेल्यावर भरे, त्याला पुढल्या हंगामापर्यंत महिनोन् महिने छावणींत बसून काढावे लागत. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानांतील आठवणींत या मुक्कामाचें वर्णन केलें आहे. कवाईत नांवापुरती, काम कांहीं नाहीं, खिशांत थोडे पैसे, आणि उन्हाळा अंगावर आलेला. चांगल्या वर्तणुकीचे शिपाईहि तेथें आल्यावर बिघडत. कोणी दारूंत बुडे, कोणी कैदेंत जाई, कोणाच्या डोक्यावर परिणाम होई.

या सर्व गोष्टी खऱ्याच. परंतु मला त्यांतली एक निराळी वाटते, आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. देवळालीस शत्रूची तोफ नव्हती, रात्रीचा छापा नव्हता, रक्ताचा थेंब नव्हता. वायव्य सरहद्दीवर गोळ्या खातांना ज्याचें डोकें ठिकाणावर राहिलें तोच मनुष्य सुरक्षित छावणींत बसल्या जागीं ढासळे. काय बदललें होतें? बदलली होती ती संगत. मुदत संपलेला शिपाई आपल्या पलटणींतून सुटून येई. शेजारच्या खाटेवर दुसऱ्याच पलटणीचा, दुसऱ्याच गांवचा मनुष्य असे, आणि तोहि आठ-पंधरा दिवसांत निघून जाई. वर्षानुवर्षें ज्या हांकेला तो ‘ओ’ देत आला, ती हांक मारणारें तेथें कोणी नव्हतें.

ही गोष्ट वैद्यकानें मानावयास पन्नास वर्षें आणि एक महायुद्ध लागलें.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें आणि खंदकांतून धडधाकट तरुण विचित्र अवस्थेंत परत येऊं लागले. अंगावर जखम नाहीं. पण कोणाची वाचा गेलेली, कोणाचे हात थरथरताहेत, कोणी बोलावलें तरी डोळ्यांची पापणी लववीत नाहीं. चार्ल्स मायर्स या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानें १९१५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत अशा रोग्यांचें वर्णन ‘शेल शॉक’ या नांवाखालीं केलें. तोफेचा गोळा जवळ फुटल्याच्या धक्क्यानें मेंदूस इजा होते, असा प्रथम समज होता. पुढें गोळ्याजवळ न गेलेल्यांनाहि तेंच होतें असें दिसल्यावर मायर्सला स्वतःलाच तें नांव नकोसें झालें. सेनापतींना मात्र या वादांत गोडी नव्हती. त्यांच्या लेखीं मनुष्य एक तर जखमी, नाहीं तर भ्याड. पळून गेल्याच्या आणि भ्याडपणाच्या आरोपावरून ब्रिटिश फौजेंतील तीनशेंहून अधिक शिपायांना त्यांच्याच सोबत्यांच्या हातून गोळ्या घालून मारण्यांत आलें. त्यांना माफी मिळाली ती २००६ सालीं. म्हणजे नव्वद वर्षांनीं.

हिंदी शिपायाच्या वांट्यास आणखी एक संशय आला. फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या हाताला फार जखमा होतात, तेव्हां ते घरीं जाण्यासाठीं स्वतःच गोळी मारून घेत असावेत, अशी कुजबूज अधिकाऱ्यांत सुरू झाली. इंग्लंडांतील ब्रायटन शहरीं हिंदी शिपायांसाठीं जें किचनेर रुग्णालय काढलें होतें त्याचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यानें १९१५ सालीं एक हजार जखमा एकेक करून तपासल्या व या संशयाला आधार नाहीं असा निष्कर्ष काढला. बंदूक धरणाऱ्याचे हात खंदकाबाहेर येतात आणि गोळी हातालाच लागते, इतकी साधी ती गोष्ट. सीटनचें हें टिपण आपल्या शाळांतल्या इतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवें होतें. आम्ही वर्षानुवर्षें लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, आणि लढणाऱ्या माणसाचें काय झालें तें मात्र पुढच्या इयत्तेवर ढकललें. ती इयत्ता कधीं आलीच नाहीं.

उपायाची दिशा सांपडली ती योगायोगानें. बिघडलेल्या शिपायाला बोटींत घालून मायदेशच्या मोठ्या रुग्णालयांत पाठवावें, तर तो सहसा सुधारत नसे. उलट आपण कायमचे कामांतून गेलों असें त्याच्या मनानें घेई. फ्रेंच व ब्रिटिश डॉक्टरांना असें दिसूं लागलें कीं, त्याला आघाडीच्या जवळच, तोफांचा आवाज कानावर येईल इतक्या अंतरावर, दोन-चार दिवस झोंप, गरम अन्न आणि धीर दिला, तर पुष्कळसे शिपाई उठून उभे राहतात. १९१७ सालीं अमेरिकन डॉक्टर थॉमस सॅल्मन हा पद्धत पाहण्यास इंग्लंडला गेला आणि त्यानें तिचे तीन मुद्दे अमेरिकन फौजेंत रूढ केले: उपचार जवळ व्हावा, लगेच व्हावा, आणि ‘तूं बरा होऊन आपल्या माणसांत परत जाणार आहेस’ ही अपेक्षा रोग्याच्या मनांत टिकवावी. तिसऱ्या मुद्द्यांतील ‘आपल्या माणसांत’ हे शब्द मला मोलाचे वाटतात. जागा जवळ असण्याचा खरा उपयोग हाच कीं सोबती जवळ राहतात.

आतां आपल्या मराठी पलटणींकडे वळूं. तेथें ही सोबत कोणा डॉक्टरानें नेमून दिलेली नव्हती. ती भरतीच्या पद्धतींतच होती. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पुणें डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियांत गेल्या. त्यांतले शिपाई कोंकणांतले आणि देशावरचे शेतकरी. भाऊ भावाच्या मागून, भाचा मामाच्या मागून त्याच पलटणींत भरती होई. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल्-अमारा येथें जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला होता. पूर, उपासमार, आजार. शेवटीं शेवटीं तर घोड्याचें मांस खावें कीं धर्म राखावा असा पेंच हिंदी शिपायांपुढें उभा राहिला. शरणागतीनंतर तुर्कांनीं ब्रिटिश अधिकारी वेगळे काढले आणि शिपायांना वाळवंटांतून पायीं हांकीत नेलें. पुढें पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर राबविलें. या कैदेंत निम्म्याहून अधिक गोरे शिपाई मेले, आणि हिंदी शिपायांतलेहि हजारों परत आले नाहींत. अधिकारी गेले, डॉक्टर गेले, निशाण गेलें. पायीं चालणाऱ्या शिपायाला उरला तो त्याच्या बोलींत बोलणारा शेजारचा मनुष्य.

या गांववाल्या सोबतीला दुसरी बाजूहि आहे, आणि ती झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्याच्यापाशीं मन मोकळें करावें तोच उद्यां गांवीं पत्र लिहून आपली फजिती कळवील, ही धास्तीहि शिपायाला असे. धीर आणि लाज एकाच माणसाच्या हातांत असतात. शिवाय एका गांवची माणसें एका पलटणींत असलीं म्हणजे एका सकाळींत गांव उजाड होतें. इंग्लंडांतील ॲक्रिंग्टन गांवच्या सवंगड्यांची पलटण १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत उतरली. सुमारें ७०० पैकीं ५८४ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सवंगड्यांची पलटण काढण्याचा उत्साह पुढें मावळला, त्यांत नवल नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतहि पहिले धडे पुन्हां पहिल्यापासून गिरवावे लागले. १९४३ सालच्या ऑगस्टांत सिसिलींतील दोन रुग्णालयांत अमेरिकन सेनापति पॅटन यानें मनानें खचलेल्या दोन शिपायांच्या थोबाडींत मारली. वरिष्ठ आयझेनहॉवरनें त्याला माफी मागावयास लावली. त्याच वर्षीं जनरल ब्रॅडलीनें अशा रोग्यांच्या कागदावर सुरुवातीस ‘थकवा’ एवढेंच लिहावें असा हुकूम काढला होता. शब्द साधा, पण ज्याच्या कागदावर ‘वेड’ लिहिलें तो वेडा होतो आणि ज्याच्या कागदावर ‘थकवा’ लिहिला तो झोंपून उठतो, हें त्या सेनापतीला कळलें होतें. अमेरिकनांनीं एक चूक मात्र पुष्कळ दिवस चालू ठेवली. पडलेल्या शिपायाच्या जागीं नवा शिपाई ते एकटा, कोठाराच्या छावणींतून पाठवीत, सुटा भाग बदलावा तसा. रात्रीं खंदकांत उतरणाऱ्या या नवख्याचें नांवहि शेजाऱ्यास ठाऊक नसे. युद्धानंतर, १९४९ सालीं, समाजशास्त्रज्ञ स्टौफर व त्याचे सहकारी यांनीं अमेरिकन शिपायांच्या उत्तरांवरून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लढतांना तुम्हांस कशानें उभें केलें, या प्रश्नाला युद्ध एकदांचें संपवून घरीं जावें या इच्छेखालोखाल उत्तर आलें तें सोबत्यांना सोडून जातां येत नाहीं, हें. शत्रूचा द्वेष आणि ध्येयाचीं भाषणें फार खालीं राहिलीं.

आमच्या नामदेव जाधवांनीं हेंच ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनियो नदीवर करून दाखविलें. पहिल्या मराठा पलटणीचा हा निरोप्या. सोबतीचे दोघे जखमी होऊन पडले, तेव्हां त्यानें एकाला खोल पाण्यांतून, उभ्या दरडीवरून आणि पेरलेल्या सुरुंगांतून सुरक्षित जागीं नेलें. मग परत येऊन दुसऱ्याला नेलें. आणि त्यानंतर तिसऱ्यांदां नदी ओलांडून शत्रूचे मशीनगनचे मोर्चे एकट्यानें बंद पाडले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भाषणांत आपण तिसऱ्या खेपेचेंच वर्णन करतों. पहिल्या दोन खेपा मला तितक्याच मोठ्या वाटतात.

याच युद्धांत आपल्या कल्याणजवळहि येणाऱ्या-जाणाऱ्या फौजांची प्रचंड छावणी उभी राहिली. धंदा देवळालीचाच: उतरावयाचें, थांबावयाचें, पुढें जावयाचें. फाळणीनंतर त्या ओस बराकींत सिंधमधून उखडून आलेलीं कुटुंबें राहिलीं आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. आजहि तेथें पत्ता सांगतांना कॅम्पचा नंबर सांगतात. त्या कुटुंबांची कथा हीसुद्धां सोबतीचीच कथा आहे, पण ती एका वेगळ्या भाषणाची.

आतां प्रश्न असा कीं, सोबत्यानें करावयाचें तें काय? नुसतें ‘घाबरूं नकोस’ म्हणून भागत नाहीं, हें आपणांस घरच्या अनुभवानेंहि ठाऊक आहे. अलीकडे, २०१० नंतरच्या दशकांत, इस्रायली सैन्यांत एक पद्धत बसविली गेली; तिचें नांव यहलोम, म्हणजे हिरा. तीवरून अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेनें आपल्या शिपायांसाठीं तशीच एक तयार केली. ऐन माऱ्यांत एखादा शिपाई गोठून गेला, डोळे लावून बसला किंवा सैरभैर झाला, तर शेजारच्यानें एखाद्या मिनिटांत करावयाची ही कृति आहे. प्रथम ओळखावें कीं याला जखम नाहीं, पण हा आपल्यांत नाहीं. मग त्याच्या नजरेसमोर येऊन, खांद्याला किंवा हाताला धरून नांवानें हांक मारावी. ‘मी येथें तुझ्याजवळ आहें’ हें सांगावें. मग एखादा साधा, ज्याला खरें उत्तर आहे असा प्रश्न विचारावा: किती गोळ्या उरल्या? आपला नाईक कोठें आहे? मग तीन वाक्यांत क्रम लावून द्यावा: आतां काय झालें, सध्यां काय चाललें आहे, यापुढें काय होईल. आणि शेवटीं त्याला एक काम सांगावें, जें तो करूं शकेल.

यांत एक गोष्ट प्रथमदर्शनीं उलटी वाटेल. ‘तुला काय वाटतें आहे?’ हा प्रश्न या पद्धतींत मुद्दाम गाळला आहे. भेदरलेला मनुष्य भावनांत बुडालेलाच असतो. त्याला तेथें आणखी खोल नेऊन उपयोग नाहीं. मोजदाद, नांव, क्रम, काम यांनीं त्याचें विचार करणारें मन जागें होतें, आणि आपण अगदींच असहाय नाहीं हें त्याला स्वतःच्या हातांनीं कळतें. पूर्वीं, १९८०च्या दशकांत, भयंकर प्रसंगानंतर सर्वांना एकत्र बसवून घडलेलें सगळें बोलून दाखवावयास लावण्याची रीत निघाली होती; पुढें अनेक प्रयोग ताडून पाहतां अशा एका बैठकीनें पुढचा आजार टळत नाहीं असेंच दिसलें. दुःख उकरून काढणें म्हणजे उपचार नव्हे.

येथें कोणास अर्जुनाची आठवण होईल. हात गळाले, धनुष्य सुटूं लागलें, तोंडाला कोरड पडली, लक्षणें तींच. परंतु ही तुलना मी फार ताणणार नाहीं, कारण अर्जुनाचा प्रश्न केवळ भीतीचा नव्हता. मात्र एवढें खरें कीं, त्याला उत्तर देणारा कांठावर उभा नव्हता. तो त्याच रथांत लगाम धरून बसला होता.

माझा एक जुना विद्यार्थी मुरबाडकडचा. त्यानें तोफखान्यांत नोकरी केली. देवळालीस आज तोफखान्याची शाळा आहे, तेथें शिकला. आणि १९९९च्या कारगिल युद्धांत द्रासच्या बाजूला तोफेवर होता. त्यानें मला सांगितलें कीं, पलीकडून मारा सुरू झाल्यावर एकदां त्याच्या जोडीचा साताऱ्याकडचा जवान दोन्ही कानांवर हात ठेवून तोफेच्या चाकाशीं बसला तो उठेना. हवालदारानें शिवी दिली नाहीं. मनगट धरून म्हणाला, ‘गोळे मोज. मोठ्यानें मोज.’ तो मोजूं लागला. सतराव्या कीं अठराव्या गोळ्याशीं तो उठला आणि काम करूं लागला. त्या हवालदाराला यहलोम हा शब्द कोणी शिकविला नव्हता. पलटणींत वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे जें ज्ञान न लिहितां जातें, त्यांतलेंच तें. आपल्या लष्करांत प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून देतात, त्याला ते ‘बडी’ म्हणतात. लंगर एक, बडाखाना एक, पहारा एकत्र. अमेरिकन संशोधकांनीं कागदावर मांडलें त्याचें बीज येथें आहेच.

पण मर्यादा सांगितली पाहिजे. ही मदत त्या मिनिटापुरती आहे. मनुष्य धोक्यांतून निघावा आणि सोबत्यांनाहि धोक्यांत घालूं नये, यासाठीं. ज्याची झोंप महिनोन् महिने परत येत नाहीं, ज्याला जीव नकोसा होतो, त्याला डॉक्टरच हवा. आणि येथेंच आपल्या शहरांचा संबंध येतो. इंग्रजांनीं थट्टेसाठीं देवळालीचें नांव घेतलें, तर आपण ठाण्याचें घेतों. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालीं सुरू झालें. शतकाहून अधिक काळ तेथें रोग्यांची शुश्रूषा चालली आहे, आणि शतकाहून अधिक काळ आपल्या घरांतून ‘याला आतां ठाण्याला न्या’ हा विनोद चालला आहे. ज्याला खरोखरच तेथें जाऊन औषध घेतल्यानें बरें वाटलें असतें, असा एखादा मनुष्य हा विनोद ऐकून घरींच बसला असेल.

लढाई संपते, पेन्शन सुरू होतें, आणि मुदत संपलेला शिपाई पुन्हां पलटणींतून सुटा होतो. देवळालीच्या गोऱ्या शिपायासारखा तोहि अनोळखी माणसांत येतो. फक्त बोटीची वाट पाहावयाची नसते. माझा तो विद्यार्थी आतां डोंबिवलींत एका मोठ्या सोसायटीच्या दारावर रात्रपाळी करतो. तेथें सहाशे बिऱ्हाडें आहेत आणि त्याला नांवानें हांक मारणारीं तीन. मृगाच्या आधीं वळवाचा पहिला गडगडाट होतो त्या रात्रीं त्याला बसवत नाहीं. एकदां तो दाराच्या खांबामागें जाऊन उभा राहिला. कोणा मुलांनीं पाहिलें आणि दुसऱ्या दिवशीं ठाण्याची थट्टा त्याच्या कानावर आली.

आतां तशा रात्रीं तो साताऱ्याकडच्या त्या जोडीदाराला फोन लावतो. कारगिलचें नांव दोघेहि काढीत नाहींत. तिकडे पाऊस झाला का, कांद्याला भाव काय मिळाला, धाकटीचें लग्न कोठवर आलें, असें पाऊण तासभर चालतें. मग साताऱ्याचा विचारतो, ‘गेटवर गाड्या किती आल्या रे आज?’ आणि हा वही उघडून मोजून सांगतो.